मऊ बाजू कोणाची

सकाळी उठल्यापासून जप संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा माझा नेम. लग्नाआधीपासूनचा. आंघोळ, दिवा, माळ आणि मग पहिला शब्द. तेवढ्या वेळात दूध उतू जावो की दारात कोणी हाका मारो, मी गप्प. देवापाशी मन लागावं म्हणून हा नेम घेतला होता, पण घरातल्यांनी त्याचा भलताच उपयोग शोधून काढला. ज्याला काही कबूल करायचं असेल तो नेमका तेव्हा यायचा. लेकाने शेजाऱ्यांच्या खिडकीची काच फोडली, ते मला माळ हातात असताना कळलं. गणितात नापास झाला, तेही तेव्हाच. आमच्या ह्यांनी मला न विचारता कापूस पिंजायचं नवं यंत्र घेतलं, ती बातमीसुद्धा त्यांनी दिवा लागता लागता दिली आणि माझं तोंड उघडायच्या आत खाली दुकानात पसार झाले. जप संपेपर्यंत राग अर्धा उतरलेला असतो, हे त्या बापलेकांनी बरोबर हेरलं होतं.

त्यामुळे त्या दिवशी लेक सकाळी सकाळी दारात उभा राहिला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी फुटलेलं आहे.

लेक म्हणजे आमचा बारक्या. आता शाळेत चित्रकला शिकवतो, दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या घरात राहतो, पण अंगाला मांस म्हणून धरलं नाही, त्यामुळे नाव काही सुटलं नाही.

"आई, तुझं चालू दे," तो म्हणाला. मग एकदम, श्वास न घेता, "मी आणि बेकरीवाला लग्न करतोय."

माळेचा मणी बोटांत तसाच राहिला.

बेकरीवाला मला चांगला ठाऊक होता. कोपऱ्यावरच्या बेकरीचा मालक. दार भरून टाकेल एवढा देह, झुबकेदार मिशा, आणि आवाज मात्र मांजर बोलल्यासारखा. बारक्याचा मित्र म्हणून कितीदा तरी घरी जेवून गेलेला. आईला कळत नाही असं मुलांना वाटतं. आईला कळतं. विचारायचं कसं, तेवढं कळत नाही. अशा लग्नाला कायद्याने नुकतीच मोकळीक दिली होती, आणि रेडिओवर त्यावरून रोज तावातावाने भांडणं चालायची. भाजी निवडता निवडता मी ती ऐकायचे आणि मनातल्या मनात कोणाची तरी बाजू घ्यायचे. कोणाची ते देवाला माहीत होतं.

"बोलू नकोस," बारक्या घाईघाईने म्हणाला. "तुला बोलता येणार नाही म्हणूनच आत्ता आलोय. तुझा पहिला शब्द काय निघेल याची भीती वाटते गं मला. म्हणून तो जरा उशिरानेच ऐकतो."

आणि उंबऱ्यावरच बसला, गुडघे छातीशी घेऊन. लहानपणी निकालाच्या दिवशी बसायचा तसा.

आमच्याकडे गादी शिवून झाली की हे तिच्यावरून तळहात फिरवतात. कापसात सरकी राहिली असेल तर ती हाताला टोचते. मी डोळे मिटले आणि तसंच मन चाचपून पाहिलं, या काठापासून त्या काठापर्यंत. कुठे काही टोचतंय का? लोक काय म्हणतील, ते थोडं टोचलं. पण ती सरकी बाहेरची होती, माझ्या कापसातली नव्हती. ती काढून टाकली. देवापुढे इतकी वर्षं बसतेय, त्याला काही खुपलं तर मला लगेच समजतं. दिवा शांत जळत होता.

उरलेला जप मी जरा पळवलाच. देवाने पाहिलं असेल, पण काही म्हणाला नाही. माळ ठेवली, नमस्कार केला, वळले आणि पहिला शब्द बोलले.

"कधी?"

बारक्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दिव्याकडे, मग एवढ्या मोठ्याने हसला की खालून ह्यांनी विचारलं, "काय फुटलं गं?"

तिथपर्यंत सोपं होतं. पुढे खाली जायचं होतं.

आमचं दुकान घराच्या खालीच. गादीवाले म्हणून ह्यांना अख्खी पेठ ओळखते. ह्यांचे वडील गाद्या करायचे, त्यांच्याकडूनच हे शिकले. घरातल्या कोणाचंही लग्न ठरलं की जोडगादी ह्यांनी स्वतःच्या हाताने करायची, कारागिराला हात लावू द्यायचा नाही, अशी या घराची रीत. गादी गेली म्हणजे घराचा आशीर्वाद गेला. भाषण नाही, आहेर नाही, गादी. ह्यांच्या बहिणीची केली, भाचीची केली, चुलत-मावस सगळ्यांची केली. तेव्हा प्रश्न एवढाच होता, आणि तो घरात सगळ्यांना न बोलता कळलेला होता: बारक्याची गादी हे करणार का?

बारक्याने बातमी सांगितली तेव्हा हे कापसाच्या ढिगात मांडी घालून बसले होते. मांड्यांवर कापूस, खांद्यावर कापूस, भुवईवरसुद्धा कापूस. दाभणातला दोरा त्यांनी ओढला, तोडला, आणि बराच वेळ त्या तुटक्या टोकाकडे बघत राहिले.

"बाबा," बारक्या म्हणाला, "आमची गादी..."

"कापूस नाही," हे म्हणाले.

आम्ही दोघांनी त्या ढिगाकडे पाहिलं.

"चांगला नाही," हे म्हणाले, आणि पुन्हा दाभण ओवायला लागले.

त्यानंतर रोज नवं कारण. खोळीचं कापड आलं नाही. यंत्र कुरकुर करतंय. हवेत ओल आहे, कापूस बसेल. मी चहा घेऊन जायचे, कोपऱ्यात बसून कापसातली सरकी वेचायचे, परत यायचे. ह्यांच्या चेहऱ्यावर राग दिसत नव्हता. राग मला ओळखू येतो, त्यांचं नाक लाल होतं. हे काहीतरी वेगळंच होतं. हिशेब न सुटलेल्या मुलासारखे दिसत होते ते.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. समोरचा चष्मेवाला रोज दुपारी आमच्या तयार गादीवर बूड टेकून पेपर वाचायला येतो. तो पेपर झटकून म्हणाला, "काय काळ आलाय! उद्या अजून काय काय बघावं लागेल!"

दवाखान्यातली नर्स उशी न्यायला आली होती. ती उशी काखेत मारून म्हणाली, "लग्न त्यांचं, झोप तुमची का उडते? आणि उडाली असेल तर योग्य दुकानात आला आहात, एक गादी घ्या."

हे हसले नाहीत, पण नर्सला उशी त्यांनी जरा जास्तच भरून दिली. ते मी पाहिलं.

वन्सं, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, पलीकडच्या चाळीत राहतात. त्याही तावातावाने आल्या. "वहिनी, तुम्ही एवढ्या देवाच्या! तुम्हाला चालतं हे? देवाला चालेल?"

"देवाला मी रोज सकाळी भेटते, वन्सं," मी म्हटलं. "अजून तरी त्याने तक्रार केलेली नाही."

"तो बोलतो का तुमच्याशी?"

"मी गप्प असते ना, म्हणून त्याला संधी मिळते."

वन्संनी ओठ मुडपले. "माझ्याशी कधी बोलला नाही."

"तुम्ही त्याला बोलू देता का?" कापसाच्या ढिगातून ह्यांचा आवाज आला. बारक्याची बातमी आल्यापासूनचा त्यांचा तो पहिलाच विनोद. मला बरं वाटलं.

लग्न तोंडावर आलं. बारक्या रोज शाळा सुटली की दुकानावरून जायचा, आत डोकवायचा, कोरी खोळ भिंतीशी घडी घातलेली बघायचा आणि पुढे निघायचा. एकदा मला म्हणाला, "बाजारातून आणू गं आम्ही. त्यात काय." पण म्हणताना माझ्याकडे बघत नव्हता.

मग एका दुपारी, भट्टी थंड झाल्यावर, बेकरीवाला स्वतःच आला. हातात पावाची पिशवी, मिशीवर पीठ. दारात थबकला. वन्सं तिथेच होत्या, त्या पदर सावरून बसल्या. तमाशा चुकायला नको.

"या," हे म्हणाले. ग्राहकाला म्हणतात तसंच.

बेकरीवाला गाद्यांच्या थप्पीवर बसला. बसताना त्याचा हात आपोआप कमरेवर गेला. ह्यांची नजर त्या हातावर खिळली.

"पाठ का?"

"भट्टीचं तोंड खाली आहे, काका. सारखं वाकावं लागतं."

"कशावर झोपता?"

"आहे एक. फोमची."

ह्यांनी डोळे मिटून घेतले. लग्नाची बातमी ऐकून मिटले नव्हते. "फोमची," ते पुटपुटले. "आणि आमचा मुलगा तिच्यावर झोपणार?"

"झोपतो... म्हणजे, झोपेल," बेकरीवाला म्हणाला आणि मिशीपर्यंत लाल झाला.

मी आणि वन्सं छताचे वासे मोजायला लागलो.

"अरे, मला करायची आहे गादी!" हे एकदम ओरडले. कापूस उडाला. "मला काय दगड समजलात? रोज खोळ पसरतो आणि रोज घडी घालतो. पण भरू कशी? सांग ना! आमच्या जोडगादीत नवऱ्याची बाजू घट्ट, ठासून भरलेली. बायकोची बाजू मऊ, हलक्या हाताने. वडिलांनी तसंच शिकवलं, हात तसेच चालतात. तुमच्यात मऊ बाजू कोणाची?"

दुकानात असं शांत झालं की यंत्राची कुरकुर ऐकू आली. बिचारं, ती खोटी नव्हती.

"विचारलंस एकदाचं, दादा!" वन्सं म्हणाल्या. "अख्ख्या गल्लीला हेच विचारायचंय."

मला वाटलं, गेला हा आता, दुखावला. पण बेकरीवाल्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. "काका, आम्हाला हा प्रश्न नेहमीच कोणी ना कोणी विचारतं. पण गादी भरायला म्हणून विचारणारे तुम्ही पहिलेच."

"मग उत्तर दे की!"

"काय देऊ? स्वयंपाक तो करतो, कपडे मी धुतो. बिलं तो भरतो, बटणं मी शिवतो. झुरळ दिसलं की दोघेही खुर्चीवर चढतो. यातून काही निघतं का बघा."

हे गंभीरपणे विचार करू लागले. तेवढ्यात बारक्या शाळेतून आला, बोटांना निळा रंग तसाच. बेकरीवाला आत बसलेला बघून त्याचा पाय उंबऱ्यावरच अडला. मी त्याला थोडक्यात काय झालं ते सांगितलं.

"बाबा," तो म्हणाला, "शर्ट शिवताना शिंपी माप घेतो ना? मग घ्या माप."

ह्यांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग उठले. दुकानात कोणा ग्राहकाची जोडगादी तयार पडली होती. तिच्यावर स्वच्छ चादर टाकली. "झोपा," ते म्हणाले. "चपला काढून."

बेकरीवाला ऐटीत घट्ट बाजूला गेला. एवढा माणूस, दुसरीकडे जाणार कुठे? आडवा झाला आणि कण्हला. बारक्या मऊ बाजूला पडला आणि बुडाला. नुसतं नाक वर.

"बदला," हे म्हणाले.

बदलले. बेकरीवाला मऊ बाजूवर टेकला, त्याची पाठ हळूहळू खाली गेली, आणि त्या देहातून असा काही सुस्कारा निघाला की वन्संनी "अगं बाई" म्हटलं. बारक्या घट्ट बाजूवर काटकोनात हात पसरून म्हणाला, "वा. आता कशी पाठ सरळ झाली."

"उलटं!" हे डोकं खाजवत होते. "एवढा धिप्पाड माणूस, त्याला मऊ? आणि काडीला घट्ट? असं कसं होईल? पुरुषाला..."

"अहो," मी म्हटलं.

मी हळू बोलते. पण दुकानात कापूस असला की आवाज घुमत नाही, नीट ऐकू जातो.

"अहो, मलाही घट्टच आवडते."

हे वळले. "काय?"

"आपल्या गादीची तुमची बाजू. माझ्या बाजूला कंबर खाली जाते. दुपारी तुम्ही दुकानात आलात की मी तुमच्या बाजूला जाऊन पडते. तिथे कशी छान झोप लागते."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या प्रेमाने मऊ करून दिली होतीत."

ह्यांनी खाली पाहिलं. बोटांनी खोळीचा एक टाका चाचपला, पुन्हा चाचपला. आणि मग इतक्या हळू बोलले की मी बोलले असं वाटावं. "तू बहिणीकडे राहायला जातेस ना... तेव्हा मी तुझ्या बाजूला झोपतो."

"तुमच्या बाजूचं काय झालं?"

"फळीसारखी आहे गं ती!"

बारक्या गादीवर उठून बसला होता, तोंडावर दोन्ही हात दाबून. बेकरीवाला मात्र उठला नव्हता. त्याला खरंच बरं वाटत होतं.

आणि वन्संनी कपाळावर हात मारला. "दादा! तू आमची केलीस ना, तीही तशीच? आमचे हे लग्नापासून गादी सोडून सतरंजीवर झोपतात. मी समजत होते, माझ्यावर रागावलेत! दर वेळी मीच समजूत घालते, गोड करून घालते, आणि ह्या माणसाने कधी सांगितलं नाही की गादी टोचते म्हणून!"

हे कापसाच्या ढिगात मटकन बसले. मला वाटलं, वडिलांची रीत मोडली म्हणून दुःख झालं. "म्हणजे गावभर," ते म्हणाले, "गावभर मी लोकांना चुकीच्या बाजूला झोपवलं?"

"सासूबाईंना तरी मामंजींनी विचारलं होतं का?" मी म्हटलं.

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. "आई माजघरात चटईवर झोपायची," ते सावकाश म्हणाले, आणि मग जे हसू फुटलं ते काही थांबेना. पोट धरून, नाक लाल करून, कापूस उडवत हसले. चष्मेवाला रस्ता ओलांडून बघायला आला की काय झालं.

"काही नाही," हे डोळे पुसत म्हणाले. "माप घेतोय. बारक्या, ती खोळ आण इकडे. आणि तुम्ही, बेकरीवाले, उठा आता, कापूस ओढा."

"काका, पण कापूस नाही ना?"

"काका म्हणालास तर नाही. बाबा म्हण, मग बघू."

लग्नाच्या आदल्या दिवशीपर्यंत दुकानात दुसरं काम झालं नाही. ह्यांनी बेकरीवाल्याची बाजू अशी हलक्या हाताने भरली की जणू त्यात पक्षी ठेवायचे होते. बारक्याची बाजू ठासली, आणि मध्ये दोन्हींचा कापूस असा मिसळला की बाजू कुठे बदलते ते हाताला कळू नये. "हे नवीन आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "हे आधी सुचायला हवं होतं." वन्सं काठाचे टाके घालायला बसल्या.

"मला अजून सगळं पटलेलं नाही हं," त्या म्हणाल्या.

"पटेल सावकाश," मी म्हटलं. "तोवर दोरा ओवा."

त्यांनी ओवला. टाके इतके बारीक घातले की ह्यांनी सुद्धा मान डोलावली.

गादी हातगाडीवर चढली. ह्यांना गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची नव्हती. पुढे हे, मागे दोन नवरे, बाजूने मी आणि वन्सं, अशी आमची वरात पेठेतून निघाली. दर दुकानातून कोणी ना कोणी डोकावत होतं. काही हसले, काहींनी तोंड फिरवलं, नर्सने दवाखान्याच्या पायरीवरून हात हलवला. चष्मेवाला दारात उभा होता. त्याला सगळं माहीत होतं, तरी त्याने विचारलंच.

"कोणाची गादी, गादीवाले?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. बारक्यानेही पाहिलं, त्याचा हात गाडीच्या दांड्यावर घट्ट झाला होता. हे थांबले, गाडी टेकवली, घाम पुसला.

"माझ्या मुलांची," ते म्हणाले. "दोघांची. उद्या लग्न आहे, या. आणि तुमच्या घरात कोण कुठल्या बाजूला झोपतं ते विचारून ठेवा, परत भरून देईन."

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बायकोला विचारतो," तो म्हणाला.

लग्नाच्या दिवशी पहाटे मी नेहमीसारखी आंघोळ करून दिवा लावला. माळ हातात घेतली. मागे पावलं वाजली. हे दारात उभे होते, नवा शर्ट घातलेला, एक बटण चुकलेलं. आमची जुनी गादी आता उलटी फिरवली आहे. त्यांच्या चेहऱ्यावर अशी झोप झालेली मी कधी पाहिली नव्हती.

"तुझं चालू दे," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"तो आधी तुझ्याकडे आला, माझ्याकडे नाही. बरोबरच केलं त्याने. मी असतो तर मीही तुझ्याकडेच आलो असतो." ते थांबले. खाकरले. "आणि आज मी रडणार आहे. तिथे, सगळ्यांसमोर. आधीच सांगून ठेवतो. तू काही म्हणू नकोस."

म्हणता येणारच नव्हतं. त्यांनाही ते ठाऊक होतं, म्हणून तर आत्ता आले होते. मी माळ डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने त्यांचं चुकलेलं बटण नीट लावलं. मग ते उंबऱ्यावर बसून राहिले, बारक्या बसला होता तसेच, आणि मी जप पुरा केला. त्या दिवशी पळवला नाही. एकेक मणी सावकाश ओढला, कारण मागण्यासारखं काही उरलं नव्हतं, नुसतं बसावंसं वाटत होतं.

माळ ठेवली, नमस्कार केला. पहिला शब्द कधीचा ओठांवर येऊन बसला होता.

"चला," मी म्हटलं.